प्रत्येक घरातला पाव

"आणखी एक तुकडा घ्या. तुम्ही शहरातली माणसं काटकीसारखी राहता आणि मग आमच्या गावाला नावं ठेवता," असं म्हणत श्यूनेमानबाईंनी प्लमचा केक रोझविटाच्या बशीत सरकवला.

रोझविटाने तो मुकाट्याने घेतला. वाढलेलं नाकारायचं नाही आणि समोरच्याने विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही, ही तिची कामाची पद्धत होती. विचारलं तर मात्र खोटं बोलायचं नाही. या घरातली ही चौथी भेट होती आणि श्यूनेमानबाईंनी अजून काहीच विचारलं नव्हतं.

रोझविटा प्लागेमान ही तळ्याकाठच्या छळछावणीच्या स्मारकात नोकरीला होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या छावणीत बायकांना कोंडलं जाई आणि पहाराही बायकांचाच असे. ज्या पहारेकरणींचे खटले गाजले, ज्या फासावर गेल्या, त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ होते. रोझविटाच्या वाट्याला उरलेल्या आल्या होत्या. कुणी सूतगिरणीत होती, कुणी ट्राममध्ये तिकिटं फाडायची, कुणी लोकांच्या घरी कपडे धुवायची. रोजगार कचेरीने पाठवलं, पगार बरा होता, बूट मिळत होते, म्हणून त्या गेल्या. युद्ध संपल्यावर घरी परतल्या, लग्नं केली आणि म्हाताऱ्या होऊन अंथरुणात मेल्या. अशा बायकांच्या मुली शोधून त्यांच्या स्वयंपाकघरात बसण्यात रोझविटाची सगळी नोकरी सरली होती. उन्हाळ्यात ती निवृत्त होणार होती. हल्ली तिला कुणाचा रागही येत नसे. घरी पोहोचली की ती बूट न काढता खुर्चीत बसून राही.

श्यूनेमानबाईंची आई एल्फ्रीडे टेस्मर ही त्यांच्यापैकीच एक. नव्या दालनात तिच्यावर एक फलक लागणार होता. मजकूर तयार होता, सोमवारी छपाईला जायचा होता. चेहरा तेवढा नव्हता. चेहरा नसलेल्या फलकापुढे कुणी थांबत नाही, हे रोझविटाला पक्कं ठाऊक होतं. टेस्मरचा गणवेशातला एकच फोटो शिल्लक होता आणि तो आत्ता टेबलावर कॉफीच्या किटलीला टेकवून ठेवला होता. द्यायला श्यूनेमानबाई तयार होत्या, पण एका अटीवर. आई कैद्यांना चोरून पाव द्यायची, हे फलकावर यायला हवं.

हा पाव रोझविटाला घरोघरी भेटला होता. कुठे तो एप्रनच्या खिशातून जाई, कुठे शिवणयंत्राखाली ठेवलेला असे. एका घरात त्याला लोणीसुद्धा लावलेलं होतं. मुली मुद्दाम खोटं बोलत नसत. आई काहीच बोलत नाही म्हटल्यावर घरातल्या कुणीतरी कधीतरी तो भाजलेला असे. 'मुलीच्या सांगण्यानुसार' असं लिहून मोकळ्या व्हा, असं एका सहकाऱ्याने सुचवलं होतं. ते श्यूनेमानबाईंना पटलं नव्हतं. सांगण्यानुसार म्हणजे मी थापा मारते असंच ना, असं त्यांनी ऐकवलं होतं. आणि मजकूर वाचून दाखवू का, असं रोझविटाने विचारलं की दर वेळी उत्तर यायचं, आधी केक.

आजही त्या बराच वेळ बोलत राहिल्या. यंदा प्लम कमी आले, नवा पाद्री फार घाईने प्रार्थना उरकतो, आई बालवाडीत स्वयंपाकाला होती तेव्हा पोरं तिच्या मागे मागे कशी फिरत. मग एकदम थांबल्या.

"तुम्ही इतक्या जणींकडे जाऊन आलात. पाव कुणाकुणाच्या आईनं दिला?"

"मुलींना विचारलं तर सगळ्यांच्याच."

"आणि आतल्या बायकांना विचारलं तर?"

रोझविटाने काटा खाली ठेवला. "एकीनं दिला होता. क्राकोच्या वृद्धाश्रमात यानिना नावाच्या बाईंनी मला सांगितलं. छावणीत त्या तापानं पडल्या होत्या. एका पहारेकरणीनं खिडकीतून अर्धा पाव आत टाकला आणि वर एक शिवी हासडली."

"नाव काय तिचं?"

"ते त्यांना ठाऊक नव्हतं."

श्यूनेमानबाईंच्या चेहऱ्यावर रंग चढला. "मग ती आईच. शिव्या तर ती आम्हालाही घालायची."

इथे गप्प बसलं असतं तर फोटो पिशवीत आला असता. रोझविटाने कॉफीचा घोट घेतला. ती गार झाली होती.

"ती बाई ठेंगणी होती," ती म्हणाली. "खिडकीपर्यंत हात पोहोचावा म्हणून बादली पालथी घालून वर चढली होती."

श्यूनेमानबाईंनी फोटोकडे पाहिलं. पाचजणी ओळीत उभ्या होत्या. टोकाला एल्फ्रीडे, बाकीच्यांपेक्षा डोकंभर उंच.

"आई या दारातून वाकून यायची," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "त्या यानिनाबाई आईबद्दल काही बोलल्या?"

"हो."

"नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

"सांगा."

रोझविटाने सांगितलं. हजेरीच्या वेळी यानिनाची बहीण खाली बसली. टेस्मरने तिला उठवलं. ती पुन्हा बसली, तेव्हा बुटाने उठवलं. तिसऱ्यांदा ती उठली नाही. संध्याकाळपर्यंत ती बर्फात पडून होती आणि टेस्मरने कुणाला जवळ जाऊ दिलं नाही. रोझविटाने एकही विशेषण वापरलं नाही. श्यूनेमानबाई टेबलावरचे केकचे कण बोटाने टिपत होत्या. कण संपले तरी बोट फिरत राहिलं.

फोटो मिळत नाही असं धरून रोझविटा कोट घ्यायला उठली.

"नाव कसं छापता तुम्ही?" श्यूनेमानबाईंनी मान वर न करता विचारलं.

घरच्यांची संमती नसेल तर आडनावाचं फक्त पहिलं अक्षर, असं रोझविटाने सांगितलं. एल्फ्रीडे ट.

"गावात एल्फ्रीडे ट्योप्फर होती. सुईण. निम्मं गाव तिच्या हातचं." त्यांनी फोटो उचलला, एप्रनच्या टोकाने तो पुसला आणि पुढे केला. "लोक तिच्यावर ढकलतील. पूर्ण लिहा."

"आणि पावाचं?"

"पाव त्या बुटकीचा आहे. तिचाच राहू दे."

त्या रोझविटाला पोहोचवायला फाटकापर्यंत आल्या. शनिवार असल्याने रस्त्यावर जो तो आपापल्या दारापुढची फरशी झाडत होता. शेजारचा बोल्डूआन झाडूवर रेलून श्यूनेमानबाईंना म्हणाला, "काय ग ट्राउटे, विमावाली आली होती वाटतं. किती वर्षं जगणार म्हणाली?"

"स्मारकातून आल्यात," श्यूनेमानबाई म्हणाल्या. "छावणीच्या. आई तिथं पहाऱ्यावर होती. तिचा फोटो हवा होता, दिला."

बोल्डूआनने रोझविटाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. बरं, असं काहीसं पुटपुटून तो पुन्हा झाडू लागला. श्यूनेमानबाईंना वाकणं जमेनासं झाल्यापासून त्यांच्या दारापुढचंही तोच झाडत असे. आज त्याची फरशी संपली तिथे त्याने पाचोळ्याचा ढीग केला, सुपात भरला आणि तो आत निघून गेला.

रोझविटाने गाडी सुरू केली. वळणापाशी तिने आरशात पाहिलं. श्यूनेमानबाई घरातून झाडू घेऊन आल्या होत्या. एका हाताने कुंपण धरून, बोल्डूआनने सोडलं होतं तिथपासून, त्या झाडत होत्या.