सुनावणीस गैरहजर

आढावा बैठकीआधी साहेबांना वनहक्क दाव्यांच्या यादीत 'प्रलंबित' हा शब्दच नको होता. कॉम्प्युटर ऑपरेटर दिव्याने एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिला: जिथे 'प्रलंबित', तिथे 'सुनावणीस गैरहजर, दावा नामंजूर'. बटण दाबलं आणि पापणी लवायच्या आत चारशे बारा रकाने बदलले. मग समोर चिचगडचं, तिच्या गावचं पान आलं आणि तिने घाईने 'अनडू' दाबलं. पण मॅक्रोने केलेलं मागे फिरत नाही, आणि तोवर साहेबांनी फाईल बैठकीसाठी पाठवूनही दिली होती.

खिडकीशी तिच्याच गावचे दुधरामकाका आले. अकरा वर्षांत त्यांनी आपल्या दाव्याची एकही तारीख चुकवली नव्हती. आजही सकाळपासून बाकावर होते.

"पोरी, माहा नाव काऊन पुकारून नाही राहिले?"

"बसून राहा, काका. पुकारतीन."

काका परत बाकावर जाऊन बसले.