कुंडीतला सिकंदर

त्या रविवारी आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत जिना खालपासून वरपर्यंत माणसांनी भरला होता. तिसऱ्या मजल्यावर, माझ्या शेजारीण मंदाकिनीबाईंच्या गच्चीत, बद्रीनाथ महाराजांनी डोळे मिटून तुळशीच्या कुंडीत हात घातला आणि मातीतून चांदीचं नाणं काढलं. एका बाजूला सिंहाचं कातडं पांघरलेला वीर, दुसऱ्या बाजूला आसनावर बसलेला देव. जिन्यात ज्यांना काहीच दिसलं नव्हतं, त्यांनी सर्वांत आधी हात जोडले.

महाराज म्हणाले, हे यवनराज सिकंदराचं नाणं, जगात एकमेव. मरताना त्याने आपलं उरलेलं आयुष्य यात ठेवलं. ते पाण्यात बुडवून ठेवायचं आणि रोज सकाळी ते पाणी प्यायचं, एकवीस दिवसांत मधुमेह जातो. सोबत औषध घेतलं तर नाणं रुसतं, आणि आजनंतर घराबाहेर कुणाला दाखवलं तर गुण जातो.

सिकंदर बियास नदीवरून मागे फिरला असं आम्ही शाळेत शिकलो. नंतर तो कर्वेनगरात येऊन तिसऱ्या मजल्यावरच्या कुंडीत नाणं पुरून गेला, हे पुस्तकात छापायचं राहिलं असावं. मी हे तिथेच बोलून दाखवलं. मंदाकिनीबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

महाराजांना आणलं होतं मंदाकिनीबाईंच्या मुलाने, अभिनवने. हिंजवडीला संगणकावर काम करणारा हुशार मुलगा. दोन हजार चार साली त्यांच्या ऑफिसात अमेरिकेचा व्हिसा हा मोक्षाच्या खालोखाल होता. याने महाराजांना नमस्कार केला आणि आठवड्यात व्हिसा आला. व्हिसा वकिलातीने दिला, श्रेय महाराजांनी घेतलं.

मी तीस वर्षं परिचारिका होते. मधुमेही मंदाकिनीबाईंच्या फ्रिजमधून इन्सुलिन गेलं आणि तिथे नाण्याचं भांडं आलं, हे कळल्यावर माझं डोकं फिरलं. समजावलं, भांडले, व्यर्थ. बाराव्या दिवशी मंदाकिनीबाईंच्या पायाचं बोट काळं पडलं. तरी बाई डॉक्टरकडे यायला तयार नव्हत्या, म्हणत होत्या, नऊच दिवस राहिलेत. पाय तेवढा थांबणार नव्हता.

संध्याकाळी अभिनव नाणं रुमालात बांधून माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला. "मावशी, हे खोटं आहे असं सिद्ध झालं तरच आई ऐकेल."

मी त्याला शनिवार पेठेत सिराजभाईंच्या दुकानात नेलं. चांदी ओतणं हा त्यांचा पिढीजात धंदा, आणि जुन्या नाण्यांचे संग्राहक नाणी साफ करायला त्यांच्याकडेच येतात. त्यांच्या आईची, अमिनाबींची, शेवटच्या दिवसांतली शुश्रूषा मी केली होती. त्यांनी भिंग लावून नाण्याची कड फिरवली, मग भिंग अभिनवच्या हातात दिलं.

जुनी ग्रीक नाणी ठशाखाली हातोड्याने ठोकत, ते सांगू लागले. ठोकलेल्या नाण्याची अक्षरं कडक उठतात. इथे अक्षरं वापरलेल्या साबणासारखी गुळगुळीत आहेत, पृष्ठावर बारीक भोकं आहेत, आणि कडेवर कानस मारून लपवलेली रेघ आहे. ओतताना साच्याचे दोन भाग जुळतात, तिथली ही रेघ. "अजून एक मिळालं असतं, तर आईंनाही दिसेल असं दाखवलं असतं," ते म्हणाले.

जगातलं एकमेव नाणं, दुसरं कुठून येणार? अभिनवने दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना ईमेल टाकली. दुपारपर्यंत अकरा उत्तरं आली. प्रत्येकाच्या घरी एकमेव नाणं होतं, प्रत्येकाच्या कुंडीतून निघालेलं, आणि व्रत म्हणून प्रत्येकजण गप्प. महाराजांचा चेला आठ दिवस आधी कुंडीपूजनाला येऊन मातीत उदबत्त्या खोचून जायचा, हेही सगळ्यांचं सारखंच निघालं. उदबत्तीबरोबर तो काय खोचत होता, ते वेगळं सांगायला नको.

सिराजभाई स्वतः आमच्याकडे आले. मंदाकिनीबाईंच्या पलंगावर त्यांनी बारा नाणी ओळीने मांडली, ऑफिसातल्यांनी दिलेली अकरा आणि बाईंचं एक. वीराच्या नाकाजवळ बाराही नाण्यांवर तोच ओरखडा होता, आणि कडेची रेघही त्याच जागी. हातोड्याने ठोकलेली दोन नाणी अशी तंतोतंत सारखी कधी नसतात, एका साच्यातली असतात.

मंदाकिनीबाईंनी एकेक नाणं उचलून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे खरं नाणं मिळालं असतं, तर गुण आला असता?"

माझा धीर खचला. इतकं सगळं करून आम्ही पुन्हा तिथेच होतो. सिराजभाई मात्र हसले.

"ताई, खरी सिकंदराची नाणी मी वीस वर्षं धुतोय. ते पाणी रोज मोरीत ओततो. मोरी अजून तुंबतेच."

बाई हसल्या, आणि हसता हसता रडू लागल्या. मग अभिनवला म्हणाल्या, "रिक्षा बोलाव."

दोन बोटं गेली, पाय वाचला. अभिनव अकरा जणांना घेऊन पोलीस चौकीत तक्रार देऊन आला.

तेव्हापासून कुणी चमत्काराची वस्तू दाखवली की लोक मला विचारतात, ही अस्सल की नक्कल? मी सांगते, ते सिराजभाईंना विचारा. तुम्ही आधी एवढंच विचारा, की अस्सल असली तरी हिने आजार कसा बरा होईल? उत्तर देणारा औषध बंद करायला सांगत असेल, तर त्याला दाराबाहेर काढा आणि डॉक्टरकडे जा.