वेटरच्या पिक्चरचा गल्ला

मित्रांनो, तिकीटखिडकीच्या आत, टेबलाखाली एक लाकडी खण असतो. तोच मी, एक जुना गल्ला. सिनेमाच्या कमाईलाही लोक गल्लाच म्हणतात. म्हणून कमाई घटली की पहिला संशय माझ्यावर आणि मला हाताळणाऱ्यावर येतो.

माझा जन्म बहारीनमधला, मुहर्रक शहरातला. मथुरा मिस्त्रीने मला सागवानी फळ्यांतून घडवले. नोटांना वेगळे कप्पे, फिल्सच्या नाण्यांना वेगळ्या वाट्या. सत्तरच्या दशकात मी उस्मान शेठच्या उघड्या थिएटरात कामाला लागलो. चार भिंती, खुर्च्या, समोर पडदा आणि वर आभाळ. खिडकीत बसायचा वसईचा हिलरी. तो मला कधी धाडकन बंद करत नसे. नोटा एका दिशेने लावायचा आणि उरलेली चिल्लर मोजताना हलकेच शीळ घालायचा.

एका हिवाळ्यात शेठने हॉलिवूडचा एक जुना विनोदी पिक्चर आणला. एक वेंधळा वेटर आणि त्याची फजिती. वितरकाच्या माणसाने खिडकीशी उभे राहून सांगितले होते, "शेठ, बनाने में मामूली खर्चा, और कमाई उसकी बीस गुना!" ते बीस गुना शेठच्या डोक्यात बसले. एरवीच्या दुप्पट भाडे मोजून त्याने पिक्चर घेतला.

पहिल्या संध्याकाळी हास्याचा असा गडगडाट झाला की माझ्यातली नाणी थरथरली. पण मी निम्मा रिकामाच होतो. दुसऱ्या दिवशीही तेच. शेठ बाहेर गाडीत बसून हसणे ऐकायचा, मग खिडकीशी येऊन मला उघडायला लावायचा.

"हँसी इतना, और पैसा इतना सा? हिलरी, पैसा किधर जाता है?"

"शेठ, जितना टिकट बिका, उतना पैसा है."

शेठने पुण्याहून आलेल्या दत्तप्रसाद या हिशेबनीसाला हिलरीवर नजर ठेवायला त्याच्या मागे बसवले. त्या दिवसापासून शीळ थांबली. दत्तप्रसाद माझ्या तळाखाली हात घालून चाचपायचा. एकदा त्याने हिलरीचा डबाही उघडून पाहिला. आत चपाती आणि तळलेला मासा होता. हिलरी मान खाली घालून बसला. मग त्यालाही दारावर तिकिटे तपासणाऱ्या माणसाचा संशय येऊ लागला, आणि दारावरचा माणूस हिलरीशी बोलेनासा झाला.

नोकरी गेली तर व्हिसा जाणार, हे हिलरीला माहीत होते. एके दिवशी दत्तप्रसाद चहाला उठला. हिलरीने इकडेतिकडे पाहिले, स्वतःच्या पाकिटातून दोन दिनार काढले आणि माझ्यात ठेवले. गल्ला जरा फुगला की शेठ शांत होईल, असे त्याला वाटले. तिकिटांवर नंबर असतात, किती विकली ते कळते, हेही तो भीतीपोटी विसरला.

हिशेब लागताच दत्तप्रसाद ताडकन उठला. "तिकिटं कमी आणि पैसे जास्त? म्हणजे तिकीट न देताच लोकांना आत सोडतोस! थोडे चुकून इथे पडले. बाकीचे कुठे आहेत?"

"साहेब, ते दोन दिनार माझे आहेत. मीच टाकले."

"पदरचे पैसे कोण टाकतं रे? मला शिकवू नकोस."

मित्रांनो, मी सगळे पाहिले होते. पण लाकडाला बोलता येत नाही.

चोर रंगेहाथ पकडायचा म्हणून दुसऱ्या दिवशी दत्तप्रसाद प्रेक्षकांत जाऊन बसला. मध्यंतरात तो खिडकीशी परतला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. शेठ तिथेच उभा होता.

"शेठ, आत माणसं तिकिटांइतकीच आहेत. आधी हँसी ऊपर से आती है."

"ऊपर से?"

"बाजूच्या झोहराबाईंच्या गच्चीवरून. सगळ्या गल्लीतल्या बायका तिथं बसतात. पडदा दिसतो, भाषा कळायची गरज नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, घर हमारा पहले, पर्दा तुम्हारा बाद में. आँख किधर रखेगा?"

"खलास," एवढेच शेठ म्हणाला आणि गाडीकडे गेला. हिलरीची माफी त्याने मागितली नाही.

दत्तप्रसादने मला उघडले आणि दोन दिनार हिलरीपुढे धरले. "हे तुझे. चूक झाली."

"माझेच होते, साहेब. मी तेव्हाच सांगितलं होतं." हिलरीने नोटा घेतल्या. महिन्याभरात त्याला एका हॉटेलात नोकरी मिळाली आणि तो गेला.

नंतर आलेला माणूस मला धाडकन बंद करायचा. माझी एक वाटी फुटली. ऐंशीच्या दशकात घरोघरी व्हिडिओ आले आणि थिएटरला कुलूप लागले. आता मी बहारीनमधल्याच सनद गावच्या एका गोदामात धूळ खात पडलो आहे.

मित्रांनो, मला कोणी पुसले नाही तरी चालेल. फुटलेली वाटी एखादा मिस्त्री बसवून देईल. पण कोणाचा डबा उघडण्याआधी तो माणूस काय सांगतो आहे, ते एकदा ऐका. हिलरीला त्याचे पैसे परत मिळाले. त्या खिडकीत शीळ मात्र मी पुन्हा ऐकली नाही.