वाटेच्या दाव्यातला ग्रंथ

न्यायालयात मध्येच उठून बोलता येत नाही. आधी परवानगी घ्यावी लागते. माझे आयुष्य न्यायालयांत गेल्यामुळे ती सवय माझ्याही अंगी मुरली आहे. म्हणून वाचकहो, आपली परवानगी आहे असे गृहीत न धरता, ती नम्रपणे मागून मी बोलतो. मी एक जाडजूड संदर्भग्रंथ आहे. शेतातली वाट, सामाईक विहिरीचे पाणी, भिंतीतली खिडकी अशा वहिवाटीच्या हक्कांवर आणि त्यांच्यासाठी मागायच्या मनाई हुकमांवर वकिलांना मार्गदर्शन करणे, हे माझे काम.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. मी म्हणजे कायदा नव्हे. कायदा विधिमंडळ करते आणि त्याचा अर्थ न्यायालये लावतात. मी त्यांच्यापर्यंत पोचवणारा वाटाड्या आहे. वाटाड्याने स्वतःला गाव समजू नये, एवढी जाणीव माझ्या संपादकांनी मला जन्मतःच दिली. त्यांना ‘सामान्यतः’ हा शब्द फार प्रिय होता. हस्तलिखितात कोठे ‘निश्चितच’ आले की ते त्यावर काट मारून वर बारीक अक्षरात ‘सामान्यतः’ लिहीत. छापखान्यातला जुळणी करणारा त्यावरून हसत असे. पण त्या एका शब्दाने मला पुढे किती खोटेपणापासून वाचवले, हे माझे मलाच ठाऊक. दोऱ्याने शिवून, तांबड्या कापडाची बांधणी करून, पाठीवर सोनेरी नाव घालून मला जगात सोडण्यात आले.

मी नांदेडला आलो तो एका विक्रेत्याच्या खांद्यावरच्या पिशवीतून. हा गृहस्थ गावोगावच्या वकीलकक्षांत फिरून कायद्याची पुस्तके विकत असे. तेथे व्यंकटराव सोनकांबळे नावाच्या वकिलांनी मला हातात घेतले. नायगाव तालुक्यातल्या शेतमजुराच्या घरातून शिकून आलेले ते त्यांच्या घराण्यातले पहिले वकील. त्यांनी मुखपृष्ठ पाहिले नाही, प्रस्तावना पाहिली नाही. सरळ शेवटची सूची उघडली आणि ‘व’ अक्षरावरून बोट फिरवले.

“वाट सापडली. घेतो,” ते म्हणाले.

“साहेब, बाकीचं तर बघा की.”

“बाकीचं घरी बघतो. आमच्याकडं भांडणं वाटेवरूनच होतात.”

घरी त्यांच्या आईने मला दोन्ही हातांनी उचलून पाहिले. त्या माउलीला वाचता येत नव्हते. “लई वजनदार हाय रे बाबा,” ती म्हणाली, “एवढं सगळं बोलावं लागतंय का तुला कोर्टात?” व्यंकटराव हसून म्हणाले, “न्हाई गं माय. त्यातलं कोणतं बोलायचं न्हाई, तेवढं कळाय पायजे.”

त्यांच्या हाताखाली मी सुखात होतो. पानांत खुणेसाठी एसटीची तिकिटे, लिंबाच्या काड्या, तारखेच्या चिठ्ठ्या राहिल्या. माणसांच्या सवयीही मी तेथेच पाहिल्या. वकीलकक्षात मला मागणारा प्रत्येक जण “एका मिनिटात आणून देतो” म्हणे, आणि ते मिनिट कधीकधी उन्हाळ्याच्या सुटीनंतर संपे. पक्षकार आत आले की आधी भिंतीकडे पाहत. पुस्तके दाटीने लावलेली दिसली की त्यांचा जीव भांड्यात पडे. ती वाचली जातात की नाही, हे कोणी विचारत नसे. छायाचित्र काढून घ्यायचे असले की तरुण वकील आमच्यापुढे हाताची घडी घालून उभे राहत. त्यांच्या गंभीर चेहऱ्यांचे बरेचसे श्रेय आमचेच होते.

मग संगणक आला. न्यायनिर्णय पडद्यावर दिसू लागले, आणि ते योग्यच झाले. जे मला वर्षभराने कळे, ते पडद्याला त्याच संध्याकाळी कळत होते. तक्रार एवढीच की पडदा डोळ्यांच्या उंचीला येत नव्हता, म्हणून त्याच्याखाली मला ठेवण्यात आले. कित्येक ऋतू मी ज्ञानाचा आधार होतो, पण फक्त वजनाने.

तेथून मला सोडवले ते व्यंकटरावांच्या पुतणीने. पंचशीला तिचे नाव. कायद्याचे पदव्युत्तर शिक्षण संपवून ती औशाच्या न्यायालयात वकिली सुरू करणार होती, आणि काकांकडे पुस्तके मागायला नांदेडला आली होती. तिने पडदा उचलला, मला ओढून काढले आणि धूळ पुसली.

“काका, याला इथं कामून ठेवलंय?”

“डोळ्यांनी बारीक अक्षर दिसत न्हाई आता, बाळ. ने तू. त्याच्या जागी वीट ठेवतो. वीट कोणाला वाचावी लागत न्हाई.”

पंचशीला अतिशय काटेकोर होती. ती पेन्सिलीनेच खूण करी, आणि तीही खोडता येईल इतकी हलकी. माझ्या पहिल्या पानावर तिने लिहिले, ‘जुनी आवृत्ती, नंतरच्या सुधारणा तपासाव्यात.’ मला त्याचा राग आला नाही. आपल्या मर्यादा कोणीतरी स्वच्छ अक्षरात लिहून ठेवणे, हाही एक सन्मानच आहे.

औशाजवळच्या एका गावातल्या कावेरीबाई तिच्याकडे आल्या, तेव्हा सोयाबीनची काढणी सुरू होती. त्यांच्या शेताला जाणारी गाडीवाट शेजारच्या सटवाजींच्या बांधाकडेने जात होती. त्या वर्षी सटवाजींनी वाटेच्या तोंडाशी खड्डे खणून सिमेंटचे खांब आणून टाकले होते. तार ओढायचीच काय ती बाकी होती.

“ताई, सोयाबीन काढून शेतातच बनीम लावलीय,” कावेरीबाई म्हणाल्या. बनीम म्हणजे पिकाचा रचलेला ढीग. “मळणीची मशीन आत आली न्हाई तर वर्षाचं पीक पावसात कुजंल. दुसरी वाटच न्हाई बगा आमाला.”

पंचशीलाने हे शेवटचे वाक्य जसेच्या तसे दाव्यात उतरवले. दुसरी वाट नसेल तर शेताकडे जाण्याची वाट हा गरजेचा हक्क ठरतो, हे तिने माझ्यातून वाचले, तेथे पिवळी चिठ्ठी लावली आणि पानाच्या तळाशी थांबली. परिच्छेद मात्र पानाच्या तळाशी संपत नव्हता. तो पुढच्या पानावर गेला होता. मला ओरडून सांगता आले असते तर मी सांगितले असते. पुस्तकांना तेवढीच एक कला अवगत नाही.

दावा दाखल झाला. न्यायाधीशांनी सुनावणीपर्यंत ‘जैसे थे’ ठेवण्याचा, म्हणजे दोघांनीही जागेवरच्या स्थितीत बदल न करण्याचा, हुकूम दिला. मळणीयंत्राला मागणी इतकी, की कावेरीबाईंचा नंबर अजून लागला नव्हता. सुनावणीत हुकूम उठला असता तर संध्याकाळपर्यंत तार ओढली गेली असती आणि बनीम आतच अडकली असती. सगळे त्या एका सकाळवर येऊन ठेपले होते.

सटवाजींचे वकील शिवमूर्ती बिराजदार. केस पिकलेले, आवाज खर्जातला. पंचशीलाने आपले म्हणणे नीट मांडले आणि मला उघडून उताराही वाचला. मग शिवमूर्ती उठले. ओढ्याच्या काठाने कावेरीबाईंच्या शेतात जाणारी एक पायवाट आहे, असे त्यांनी नकाशासह दाखवले. कावेरीबाई खोटे बोलल्या नव्हत्या. ज्या वाटेने यंत्र जात नाही ती त्यांच्या लेखी वाटच नव्हती. पण दाव्यात तसे लिहिलेले नव्हते.

शिवमूर्ती पंचशीलाकडे वळून हळूच म्हणाले, “बाई, तुमचं पुस्तक द्या बरं जरा. आमचं एका मित्रानं नेलं. तो लातूरला गेला, अन् पुस्तकबी त्याच्याच संगं वकिली करून राहिलंय.”

पंचशीलाचा हात माझ्यावर क्षणभर थांबला. समोरचा आपल्याच पुस्तकाने आपल्याला हरवणार, हे तिला उमगले असावे. पण न्यायालयात विरुद्ध बाजूने ग्रंथ मागितला तर तो द्यायचा, ही रीत जुनी आहे. तिने मला उचलून त्यांच्या हातात दिले. त्या हस्तांतराइतका मानाचा क्षण माझ्या आयुष्यात दुसरा नाही. आणि इतका अवघडही दुसरा नाही.

शिवमूर्तींनी तिच्याच पिवळ्या चिठ्ठीवर मला उघडले आणि स्वच्छ वाचले, “‘पर्यायी वाट गैरसोयीची असली तरी ती उपलब्ध असल्यास गरजेच्या तत्त्वावर वाटेचा हक्क सामान्यतः मिळत नाही.’”

न्यायाधीशांनी लेखणी उचलली. मागच्या बाकावर सटवाजी सावरून बसले. पान तेथेच संपत होते. शिवमूर्तींनी मला मिटले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता.

त्यांनी पान उलटले.

“परिच्छेद पुढं आहे, सर, तोही वाचतो,” ते म्हणाले. “‘तथापि, वीस वर्षे उघडपणे, शांततेने, अखंड आणि हक्क म्हणून वापर झाला असल्यास मिळणारा हक्क स्वतंत्र असून, पर्यायी वाटेचे अस्तित्व त्याच्या आड येत नाही. मात्र तशी कथने दाव्यात असली पाहिजेत.’ या दाव्यात ती नाहीत, एवढंच माझं म्हणणं.”

न्यायाधीशांनी विचारले, “वकीलबाई, जुन्या वहिवाटीचं कथन आहे का तुमच्या दाव्यात?”

पंचशीला सारवासारव करू शकली असती. ती म्हणाली, “नाही, सर. ते माझ्याकडून राहिलं. पण पक्षकाराच्या सासूबाईंच्या काळापासून या वाटेनं गाडी जाते. दाव्यात दुरुस्ती करण्याची परवानगी मागते.”

“अर्ज आणि शपथपत्र आजच द्या. बिराजदारसाहेब, तुमचं उत्तर?”

“उत्तर जरूर देणार, सर. आक्षेप आहे आमचा. पण त्याला वेळ लागेल.”

“मग वेळ घ्या. तोवर ‘जैसे थे’ चालू राहील.”

बाहेर कडुलिंबाखाली सटवाजींनी आपल्या वकिलांना गाठले. मी अजून त्यांच्याच काखेत होतो, पंचशीलाकडे परत जायचा होतो.

“सायेब, फी माझी अन् वकिली तिची, असं हाय काय हे? पुढचं पान कामून उलटलं?”

“सटवाजी, अर्धा परिच्छेद वाचणाऱ्याचं उद्या पूर्ण बोलणंबी कोणी खरं धरत न्हाई. तुझ्यासाठीच उलटलं.” शिवमूर्ती शांतपणे म्हणाले. “अन् घाबरतोस कशाला? वीस वर्षं त्यांनाच शाबीत करायचीत. तिथं मी हायच की उभा.”

पलीकडे कावेरीबाई पंचशीलाचा चेहरा न्याहाळत होत्या. “ताई, हारलो का ओ आपण?”

“नाही, मावशी. जिंकलोही नाही अजून. पण वाट चालू आहे. मशीनवाल्याला आजच फोन करा.”

“मग त्वांड कामून उतरलंय?”

“माझं एक पान उलटायचं राहिलं होतं.”

“व्हय? मग त्या म्हाताऱ्यानं उलटलं की. काम झाल्याशी मतलब!”

दोनच दिवसांनी यंत्र त्या वाटेने आत गेले आणि सोयाबीन पोत्यांत भरून कोरडे बाहेर आले. हे सांगायला कावेरीबाई मुद्दाम आल्या. “त्यो कोणता मजकूर, दाखवा बरं,” त्या म्हणाल्या. पंचशीलाने पान उघडून बोट ठेवले. कावेरीबाईंनी चष्मा लावून अक्षर अक्षर जुळवत एक ओळ वाचली. “माझं अख्खं शेत हितं मावलंय व्हय? लई बारीक छापलंय बगा,” असे म्हणून त्यांनी त्या ओळीवरून अंगठा फिरवला. त्या अंगठ्याचा पुसट डाग तेथे आहे. माझ्या पाठीवरच्या सोनेरी अक्षरांपेक्षा मला तो अधिक शोभतो.

पुढे माझी नवी आवृत्ती निघाली आणि पंचशीलाने ती आणली. आता आपल्याला पुन्हा कशाखाली तरी जावे लागणार, असे मला वाटले. पण तिने आधी काकांना फोन केला आणि मग मला घेऊन शिवमूर्तींच्या कार्यालयात गेली.

“सर, हा ग्रंथ तुमच्याकडे असू द्या. जुनी आवृत्ती आहे. सुधारणा तेवढ्या तपासून घ्या.”

शिवमूर्ती मिस्कीलपणे म्हणाले, “विरुद्ध बाजूला शस्त्र देऊन राहिलात, बाई. काका काय म्हणाले?”

“काका म्हणाले, वाटेच्या दाव्यात दोन्ही बाजूंना वाट माहीत असावी.”

आता मी शिवमूर्तींच्या टेबलावर आहे. माझी बांधणी सैल झाली आहे, कडा पिवळ्या पडल्या आहेत, आणि माझ्यातला काही मजकूर आज लागू नाही, हे मी प्रांजळपणे सांगतो. ज्यांनी मला सूचीपासून उघडले, ज्यांनी धुळीतून काढले, ज्यांनी माझ्या मर्यादा माझ्याच अंगावर लिहिल्या, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. वाचकहो, आपणांस एकच विनंती आहे. माझ्यासारख्या कोणत्याही ग्रंथावर भिस्त ठेवण्यापूर्वी त्याचे वर्ष पाहा, आणि पान संपले म्हणून विषय संपला असे मानू नका.

दावा अजून चालू आहे. दुरुस्ती मंजूर झाली असून आता साक्षीपुरावे व्हायचे आहेत. वीस वर्षांची वहिवाट शाबीत होईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. ते सांगण्याचा अधिकारही माझा नाही. अंतिम युक्तिवादाच्या दिवशी मी पंचशीलाच्या समोरच्या टेबलावर असेन आणि तिच्याविरुद्ध उघडला जाईन. तरीही मी निर्धास्त आहे. कारण तिने मला ज्या हातांत दिले आहे, ते हात पान उलटतात.