धाकटीचा पंप

लग्न होऊन आली तेव्हाच धाकटीला घरच्यांनी बजावलं होतं, थोरल्या जाऊबाईंच्या टेबलापाशी खुशाल जा, पण त्यांच्या स्टुलावर बसू नकोस. घराच्या तळमजल्यावर भिंगांचा छोटा कारखाना होता. आतल्या खोलीत थोरलीचा नवरा, म्हणजे भावजी, भिंगं घासायचे आणि बाहेरच्या खोलीत, खिडकीला लागून, थोरली दोन-दोन भिंगं एकमेकांना चिकटवायची. काम दिसायला एवढंसं, पण जीव काढणारं. खालच्या भिंगावर डिंकाचा एक थेंब, वर दुसरं भिंग, हलकेच दाब. थेंब जास्त झाला की कडेने ओघळणार, कमी पडला की आत बुडबुडा राहणार. दोन्हीकडून भिंग वायाच. थोरली हातात सिरिंज धरून हे करत आली होती, आणि तिने चिकटवलेलं भिंग कुणी परत पाठवल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं.

धाकटी आधी इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत होती. तिथे ती ज्या पंपावर काम करायची, तसाच तिने इथे आणवला. बोटाएवढा पंप, आत मळसूत्र, पुढे केसासारखी सुई, आणि शेजारी जेवणाच्या डब्याएवढा कंट्रोलर. मळसूत्र कधी फिरवायचं आणि कधी थांबवायचं, हे तो डबा ठरवणार.

"याचे मोड वेगवेगळे आहेत, ताई," धाकटीने समजावलं. "पेडल मोडमध्ये पाय दाबून धराल तोवर डिंक येत राहील. टाइम मोडमध्ये एकदा दाबायचं, ठरल्या वेळेपुरता येऊन आपोआप थांबेल. मापाच्या मोडमध्ये वेळेऐवजी माप सांगायचं. आणि हा नुसता सफाईचा."

"आणि चुकलं की बोलणी खायचा मोड कुठला?"

"तो माझ्याकडे आहे," धाकटी म्हणाली.

थोरलीच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. पण स्टूल काही तिने सोडलं नाही. पंप तिनेच हाताखाली घेतला आणि हात धुऊन त्याच्या मागे लागली. कधी घट्ट डिंक भरून बघ, कधी पातळ. कधी सगळ्यात बारीक भिंग पुढे ठेव. वीज गेली तर काय, सुई तुंबली तर काय, प्रश्नांना खंड नाही. धाकटीचा नवरा जेवताना म्हणाला, "वहिनीच्या डोळ्यात खुपतंय तुझं यंत्र." धाकटीने ते मनाला लावून घेतलं नाही. खुपू दे, तिला वाटलं. जितकं बघतील तितकं बरं. आपल्या पंपाबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

अशात घसा तपासायच्या दुर्बिणी बनवणाऱ्या एका कारखान्याने नमुने मागवले. भिंगं मसुराच्या दाण्याएवढी. धाकटीने मापाचा मोड लावला, थोरलीने कामाला सुरुवात केली. सकाळ झकास गेली. दुपारी टेबलावर ऊन आलं आणि भिंगांच्या कडेने डिंक ओघळायला लागला. थोरलीने ती भिंगं धाकटीपुढे सरकवली.

"तुझं माप हललं."

धाकटीने सुई पुसली, एक थेंब काट्यावर पाडला. वजन सकाळचंच भरलं.

"माप जागच्या जागी आहे, ताई. चुकतंय दुसरीकडेच."

ती सुईपाशी वाकली. थोरलीही वाकली. थेंब पडून गेल्यावर सुईच्या टोकाशी काहीतरी चमकलं, हळूहळू फुगलं.

"गळतेय," थोरली म्हणाली.

"उन्हाने डिंक पातळ झालाय. दोन थेंबांच्या मधे आपोआप पाझरतो आणि पुढच्या थेंबात मिसळतो." धाकटीने पडदा ओढला आणि कंट्रोलरची बटणं दाबली. "आता थेंब पडला की मळसूत्र थोडं उलटं फिरेल. सुईतला डिंक मागे खेचला जाईल."

पुढचं भिंग थोरलीने उजेडात धरलं. ओघळ नव्हता, पण मधोमध बुडबुडा होता.

"आता हवा शिरली."

"फार मागे खेचलं मी." धाकटीचा आवाज जराही हलला नाही. सफाईचा मोड लावून तिने अडकलेली हवा बाहेर येईपर्यंत डिंक वाहू दिला, उलटा फेरा कमी केला, पुन्हा पाहिलं, आणखी किंचित कमी केला. सुईचं टोक कोरडं राहिलं.

थोरली मुद्दाम उठून चहा पिऊन आली आणि मग पेडल दाबलं. भिंग स्वच्छ. लागोपाठ दाबलं, थांबून थांबून दाबलं, पडदा उघडून उन्हात दाबलं. भिंगं स्वच्छच. शेवटी ती स्टुलावरून उठली.

"बस."

"मी?"

"मग मी काय इथेच म्हातारी होऊ? पाठ कधीची बोलतेय माझी. पण टेबल कुणाच्या भरवशावर सोडणार? म्हणून छळलं तुझ्या पंपाला. माझ्या माघारी तो गळला असता, तर मी दुर्बिणीवाल्यांकडे कुठल्या तोंडाने गेले असते?"

धाकटी बघतच राहिली. "नमुने घेऊन तुम्ही जाणार?"

"तुझे भावजी जाणार का? चार माणसांत त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही."

धाकटी स्टुलावर टेकली. ते तिला जरा उंच होत होतं. थोरलीने खाली वाकून ते तिच्या मापाचं करून दिलं.

दुसऱ्या दिवशी थोरली इस्त्रीचे कपडे घालून, नमुन्यांची डबी पर्समध्ये टाकून निघाली. परतली ती चप्पल काढता काढताच बोलायला लागली. दुर्बिणीवाल्यांचं काम तर मिळालंच होतं, पण येताना वाटेत कॅमेऱ्याचे भाग बनवणारे दिसले, तिथेही ती आत शिरून भिंग दाखवून आली होती.

"दुसरा पंप मागव," तिने धाकटीला सांगितलं आणि आतल्या खोलीकडे वळून आवाज चढवला. "अहो, एवढी भिंगं घासून होतील का तुमच्याने?"

आतलं चाक थांबलं. भावजी दारात आले, पुसता पुसता त्यांनी हातातल्या भिंगाकडे आणि मग दोघींकडे बघितलं.

"होतील," ते म्हणाले, आणि पुन्हा आत गेले.