एक्याण्णवात पाणी नसतं

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे. गोष्ट सांगताना माझा आवाज चढला तर घाबरू नका. माझा राग तुमच्यावर नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी काळी कुळकुळीत होते. इंजिन लहान, पण दमाचं. भगीरथने मला शहापूरच्या दुकानातून घेतलं आणि किन्हवलीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या आपल्या वाडीवर नेलं. त्याच्या लहानी नावाच्या बायकोने मला हळदकुंकू लावलं. त्यांची लेक काजल तेव्हा एवढीशी होती. टाकीवर बसून ती दोन्ही हातांनी हँडल धरायची आणि तोंडाने भुर्रर्र करायची.

भेंडीच्या आणि काकडीच्या गोणी मी बाजारात पोचवल्या. भातसानगरच्या पाहुण्यांना आणलं, सोडलं. चढावर कधी मान टाकली नाही. लोक म्हणायचे, "भगीरथची गाडी म्हंजे बैल हाय बैल!" ते ऐकून माझा हॉर्नसुद्धा जरा जोरात वाजायचा.

मग पंपावर आकडे आले. एका नळीवर ९१, दुसरीवर ९५. भगीरथने ते पाहिले, कुणाला काही विचारलं नाही, आणि स्वतःच अर्थ लावून मोकळा झाला.

"शंभरातले एक्याण्णव," तो वाडीत सांगू लागला. "म्हंजे नऊ भाग पाणी. दुधात घालतात ना, तसं. पंच्याण्णवात पाचच भाग. माझ्या गाडीला मी पाणी नाय पाजणार."

पंच्याण्णवच्या पेट्रोलला त्याने नावही दिलं, 'तुपातलं'. वाडीत ते रुजलं. दसऱ्याला मला झेंडूची माळ घालून तो पंपावर न्यायचा आणि चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "तुपातलं टाक रे!"

इथूनच माझा संताप सुरू होतो, मित्रांनो. तो आकडा परीक्षेच्या मार्कांसारखा नाही. माझ्या इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा एकत्र दाबली जाते, मग ठिणगी पडते आणि भडका उडतो. ठिणगी पडायच्या आधी पेट्रोल न पेटता किती दाब सोसतं, ते हा आकडा सांगतो. त्याला ऑक्टेन म्हणतात. ज्या इंजिनात दाब मोठा, त्याला मोठा आकडा लागतो. नाहीतर पेट्रोल अवेळी पेटतं आणि आतून टकटक असा आवाज येतो. माझ्यात दाब बेताचा आहे. मला एक्याण्णव पुरतं. त्याहून मोठ्या आकड्याने मला ना ताकद येते, ना वेग.

बरं, तूप महाग. तो खर्च कुठून भरून काढायचा? "तुपातलं खाती, तिला ऑइल कशाला बदलायचं?" असं म्हणून त्याने माझं ऑइल डांबरासारखं होऊ दिलं. हवेची जाळी धुळीने बुजली. मी धापा टाकू लागले की हा म्हणायचा, "म्हातारी झाली गो, अजून तूप पाहिजे."

त्याच्या पुतण्याने, सुरजने, मोठ्या इंजिनाची लाल गाडी घेतली. तिला पंच्याण्णवच घाला, असं कंपनीचंच सांगणं होतं. भगीरथ त्याला म्हणाला, "जवान गाडीला तूप नाय लागत रे, साधं चालतं." ती बिचारी प्रत्येक चढावर टकटक करत राहिली. दोघींच्या तोंडी एकमेकींचा घास, आणि शहाणपण सांगणारा हा!

काजलने एकदा समजावलं होतं. "बा, ते मार्क नाय. आमच्या सरांनी सांगितलंय."

"सरांनी गाडी पुसली काय कधी?" भगीरथने तिला गप्प केलं.

काजल बारावीला होती. तिला नर्स व्हायचं होतं. रसायनशास्त्राच्या पेपराला मुरबाडला जायचं, म्हणून सकाळी ती माझ्यावर बसली. मी रिझर्ववर होते. वाटेतल्या पंपावर भगीरथ थांबला.

"तुपातलं टाक."

पंपावरचा पोरगा हसला. "तुमचं तूप संपलं काका, टँकर नाय आला. साधं टाकू?"

"पाणी नको."

"बा, टाक ना," काजल म्हणाली. "पेपर हाय माझा."

"सरळगावला मिळंल. जाती ती."

नाही गेले मी! चढाच्या मध्यावर कोरडी पडले. भगीरथने मला हलवलं, आडवी पाडली, पुन्हा उभी करून किका मारल्या. टाकीत काही असेल तर येणार ना! मागून एसटी येणार नव्हती, ती आधीच गेली होती. काजल फायलीत हॉलतिकीट घट्ट धरून चालू लागली, मग पळू लागली.

बऱ्याच वेळाने सुरज आला. भगीरथने नुसता पुढच्या रस्त्याकडे हात केला. सुरज थांबलाही नाही, पुढे जाऊन त्याने काजलला मागे घेतलं. टकटक करत लाल गाडी चढापलीकडे गेली.

भगीरथ माझ्या शेजारी दगडावर बसून राहिला. लाल गाडी परत येताना दिसली तेव्हा तो उठला. मागच्या सीटवर काजल होती. परीक्षा केंद्राचं फाटक बंद झालं होतं.

सुरजने आपल्या टाकीत नळी घालून तोंडाने ओढ घेतली, थुंकला, बाटलीभर पेट्रोल माझ्यात ओतलं. पहिल्या किकेला मी सुरू झाले. भगीरथ कान लावून ऐकत होता. मी नेहमीसारखीच चालत होते.

"काय टाकलंस रे?"

"एक्याण्णव. पाणी!" सुरजचा आवाज फाटला होता. "काजलला धाव्वीत एक्याण्णव पडले तवा पेढे वाटलेत ना काका? त्यात पण नऊ भाग पाणी होतं काय?"

भगीरथने मान खाली घातली. काजल एवढंच म्हणाली, "बा, चल घरी. आता जुलैत."

आता मला साधं पेट्रोल मिळतं. ऑइल बदललंय, जाळी साफ आहे, मी पुन्हा बैलासारखी चढते. तूप लाल गाडीकडे गेलं आणि तिची टकटक थांबली. पण माझा राग निवलेला नाही. मित्रांनो, माझ्यावर माया करा, पण आधी मला काय लागतं ते विचारा. आणि घरातलं लेकरू काही सांगत असेल तर त्याचं ऐका.

पेपर पुन्हा जुलैत आहे. काजल रोज संध्याकाळी अभ्यासावरून उठते, माझ्या टाकीचं झाकण उघडते आणि आत डोकावून बघते. भगीरथ ओट्यावरून ते पाहतो.