सात मशीनींचा एक कोड

अठ्ठ्याऐंशी साली भंडाऱ्यात श्यामरावसाहेबांच्या वर्कशॉपमध्ये मी कोड लिहीत होती. आमच्या सात तऱ्हेच्या मशीनी गावोगाव होत्या. कुठे राइसमिलचा वजनकाटा, कुठे धानाचा ओलावा मोजायचं यंत्र, कुठे पंपाचा टायमर. सगळ्यांत बोर्ड तोच, बटनं तीच, लाल आकडे तेच. अन् आकडे दाखवायचा, बटन वाचायचा कोड? सात फ्लॉप्यांवर सातदा! बटन एकदा दाबलं तर दोनदा लागे. मशीनी बसवणारा इश्वरभाऊ सानगडी गावच्या मशीनीचं दुरुस्त करे, आंधळगावचं तसंच राहे. डोकं फिरायचं माझं!

"साहेब, हा कोड एका जागी ठेवा न! सातही मशीनी तिथूनच घेतील," मी भांडली.

इश्वरभाऊ वर्कशॉपमधला जुना माणूस. तो म्हणे, "शकुन, चालत्या गाड्याले खीळ काहून घालतेस?"

साहेब म्हणाले, "आंधळगावच्या मिलमध्ये चालवून दाखव. नाही जमलं तर परत सात फ्लॉप्या, अन् विषय बंद."

बाप्पा, आठ दिवस मी उभ्यानंच जेवली! 'सामाईक' नावाची डिरेक्टरी केली, सातही कोड शेजारी-शेजारी ठेवले, त्यांतलं सारखं होतं ते तिच्यात टाकलं. आंधळगावच्या कोडमध्ये आकडे उलटे करणारा एक तुकडा सापडला. इश्वरभाऊची काहीतरी करामत म्हणून उडवून टाकला. त्याले विचारायचं कायले? मी तर तेव्हा हवेतच होती.

मिलमध्ये मी पहिल्यांदाच गेली, साहेबही सोबत होते. इश्वरभाऊनं माझा कोड भरलेली नवी चिप बसवली. मालक भैय्यालालजींनी पोतं काट्यावर ठेवलं. आकडा आला नव्याण्णव.

"रस्त्यात फुगलं का जी हे?" भैय्यालालजी हसले. "सहासष्टचं पोतं आहे."

मी काट्याच्या आकड्यांच्या डब्याकडे नीट पाहिलं. त्याच्यावर आमच्या वर्कशॉपचं नावच उलटं! वरच्या बाजूच्या तारेच्या भोकातून कोंडा आत पडे, म्हणून इश्वरभाऊनं डबाच उलटा टांगला होता. उलटं सहासष्ट नव्याण्णवच दिसणार न! हात दाखवून अवलक्षण.

"चूक माझी," मी म्हटलं. रागानं डोळ्यांत पाणी आलं. "भाऊ, तुमचा तुकडा मी न विचारता काढला."

"ठरलं होतं, शकुन," साहेब म्हणाले.

इश्वरभाऊचं लक्षच नव्हतं. तो बटन दाबून राहिला होता. पुन्हा दाबलं. पुन्हा.

"अवं, एकदाच लागून राहिलं!" तो ओरडला. "या बटनापायी मी दोन वर्षं आंबागडपर्यंत सायकल हाणून राहिलो! सातही मशीनींत असंच लागंन?"

"सातही."

"मंग विषय कायचा बंद, साहेब? उलट्यासाठी या मशीनीची वेगळी लहानशी फाइल करू. बाकी राहू द्या एकाच जागी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "करा," म्हणाले. मी तर उडीच मारली!

इश्वरभाऊ पोत्यावर बसला. "लिही. कोणत्या मशीनीत काय उलटंसुलटं केलं, सारं सांगतो."

तो सांगत गेला, मी लिहीत गेली. चार पानं भरली तरी तिसरीच मशीन. यातलं अर्धं कोणत्याच फ्लॉपीवर नव्हतं. दोन वर्षांत त्याले कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.